शेंदूरजनाघाटला गारपीट होणार का, हे सांगताना सुपरकॉम्प्युटरची मेमरी कुठं अडते?

फेब्रुवारी उजाडला की शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदाराची झोप उडते. एका बगीच्यात मृग बहाराचा संत्रा तोडणीला आलेला असतो, तर दुसऱ्यात आंबिया बहाराची फुलं धरलेली असतात. अशात सातपुड्याकडून आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या, तर दहा मिनिटांत दोन्ही बहार मातीत जातात.

म्हणून मोबाईलवर सारखं हवामान बघितलं जातं. तिथं बऱ्याचदा एवढंच दिसतं की, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता आहे. आता जिल्हा तर धारणीपासून वरुडपर्यंत पसरलेला. तोड आज लावायची की उद्या, हे यावरून कसं ठरवणार?

मग प्रश्न पडतो, एवढे मोठे सुपरकॉम्प्युटर असताना गावागावाचा अंदाज का मिळत नाही? याची कारणं बरीच आहेत. पण त्यातलं एक कारण तुमच्या मोबाईललाही रोज छळतं. ते म्हणजे मेमरी.

गोदाम वेगळं, प्रतवारीची जागा वेगळी

मोबाईलमध्ये १२८ जीबी स्टोरेज असतं आणि ८ जीबी रॅम असते. स्टोरेज म्हणजे संत्र्याचं गोदाम. रॅम म्हणजे माल ओतून प्रतवारी करायची मोकळी जागा. गोदाम कितीही मोठं असलं, तरी काम या मोकळ्या जागेतच होतं.

ही जागा भरली की कॉम्प्युटर माल परत गोदामात नेऊन ठेवतो आणि लागेल तसा आणतो. काम चालू राहतं, पण रॅमच्या तुलनेत एसएसडी शेकडो पट हळू असते आणि जुनी हार्डडिस्क तर लाखभर पट. उद्याचा अंदाज परवा हाती आला तर त्याचा उपयोग काय?

हिशोब करून बघू

अंदाज काढताना पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतात आणि प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचतात. प्रत्येक कप्प्यात तापमान, वारा, बाष्प, दाब असे आकडे असतात.

पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. चौकोनाची बाजू १२ किलोमीटर धरली, तर साधारण ३५ लाख चौकोन होतात. वर ६४ थर, कप्प्यागणिक १० आकडे आणि प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरले, तर एका क्षणाचं चित्र १८ जीबीचं होतं.

बाजू ६ किलोमीटर केली की चौकोन चौपट होतात आणि तेच चित्र ७२ जीबीवर जातं. शिवाय चौकोन लहान झाला की वेळेची पावलंही लहान टाकावी लागतात. म्हणजे मेमरी चौपट लागते आणि आकडेमोड साधारण आठपट.

हा फक्त एका क्षणाचा कच्चा हिशोब झाला. मागच्या पावलाचे आकडे, जमिनीची माहिती, मधली आकडेमोड हे सगळं वेगळं. एकट्या मशीनवर हे चालवलं, तर अंदाज येईपर्यंत गारा पडूनही गेलेल्या असतील. म्हणून काम वाटून दिलं जातं.

वाटणीची गोष्ट, वऱ्हाडच्या माणसाची

भारतात हवामानासाठी पहिला सुपरकॉम्प्युटर आला तो १९८९ मध्ये, अमेरिकेचा ‘क्रे एक्स-एमपी/१४’. नावातला १ म्हणजे एक प्रोसेसर, ४ म्हणजे ४० लाख शब्दांची मेमरी. आजच्या भाषेत ३२ एमबी. मोबाईलवर काढलेल्या दहा फोटोंतच भरली असती. १९९० च्या दशकात आपल्याकडच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण १५० किलोमीटरचा होता. त्यात अमरावती जिल्ह्याएवढा भाग मावून वर जागा उरली असती.

याच काळात, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक सुरू झालं. त्याचं नेतृत्व विजय भटकर यांच्याकडं होतं, जे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ मध्ये सी-डॅकनं ‘परम ८०००’ तयार केला. त्यात एक महाकाय प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे बरेच छोटे प्रोसेसर जोडलेले होते. प्रत्येकाची मेमरी स्वतःची, आणि शेजाऱ्यांशी बोलायला प्रत्येकाला चार जोडण्या. जणू चार बांध असलेलं वावर.

आजचे सुपरकॉम्प्युटरही याच तत्त्वावर चालतात. गंमत अशी की, हजार मशीन जोडल्या तरी मेमरीचं एक मोठं अंगण तयार होत नाही. हजार छोटी अंगणंच राहतात. शेजाऱ्याच्या अंगणातलं काही हवं असेल तर ते मागून आणावं लागतं.

मग मेमरी कुठं संपते?

बांधावर. तुमच्या तुकड्यावर उद्या काय होणार, हे शेजारच्या तुकड्यातल्या वाऱ्यावर ठरतं. म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये प्रत्येक मशीन शेजाऱ्याच्या कडेची एक ओळ स्वतःकडं उतरवून ठेवते. तुकडा १०० बाय १०० चा असेल, तर ही जादा ओळ ४ टक्के जागा खाते. तोच तुकडा १० बाय १० चा केला, तर ४४ टक्के. वाटण्या जास्त झाल्या की वावर कमी आणि बांधच जास्त, ही तक्रार इथंही लागू पडते.

नकलांमध्ये. समजा एका मशीनवर १२८ कामं चालू आहेत आणि प्रत्येकाला अर्ध्या जीबीचा एकच तक्ता लागतो. प्रत्येकानं स्वतःची प्रत ठेवली, तर ६४ जीबी त्यातच गेले. त्याऐवजी मशीनमागे एकच सामाईक प्रत ठेवली की काम भागतं.

एकाच्या अंगावर. शेवटी निकाल फाइलमध्ये लिहायचा असतो. सगळ्यांनी आपापले आकडे एकाच मशीनकडं पाठवले, तर ते एकटं बुडतं. लिनक्समध्ये मेमरी पार संपली की यंत्रणा एखादं काम सरळ मारून टाकते. एक मेलं की त्याच्या उत्तराची वाट बघणारी बाकीची कामं अडतात आणि बहुतेक वेळा अख्खी आकडेमोड बंद पडते. म्हणून लिहिण्याचं कामही तुकड्यातुकड्यानं, अनेकांत वाटून देतात.

यावर आणखी उपाय काय?

सगळंच जवळ ठेवायचं नाही, हा पहिला उपाय. आता लागणारी पावलं मेमरीत ठेवायची आणि बाकीची डिस्कवर लिहून जागा मोकळी करायची.

दुसरा उपाय म्हणजे आकडाच आखूड करायचा. ८ बाइटऐवजी ४ बाइट वापरले की मेमरी निम्मी लागते. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्रानं मे २०२१ मध्ये आपल्या अंदाजांसाठी हेच केलं. त्यातून वाचलेली ताकद वापरून, एकच अंदाज थोड्या फरकानं अनेकदा काढण्याच्या पद्धतीत हवेचे थर ९१ वरून १३७ केले. अंदाजाचा दर्जा काही घसरला नाही.

आता आपण कुठं आहोत?

पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉपचा ‘प्रत्युष’ आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ आला. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्य इतक्या आकडेमोडी. २६ मे २०२५ ला ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली आणि चौकोन १२ किलोमीटरवरून ६ वर आला. अंदाज पंचायत पातळीपर्यंत नेणं, हा तिचा उद्देश आहे.

पण ६ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. गारांचा पट्टा त्याहून अरुंद असू शकतो. एका बगीच्यात सडा पडतो आणि बांधापलीकडं पानही हलत नाही, हे शेंदूरजनाघाटकरांना वेगळं सांगायला नको. चौकोन ३ किलोमीटरचा करायचा, तर वरच्याच हिशोबानं ७२ जीबीचे जवळपास २९० जीबी होतात आणि आकडेमोड पुन्हा आठपट.

त्यामुळं नुसती नवी मशीन विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. कुणी काय जवळ ठेवायचं, शेजाऱ्याकडून किती मागायचं आणि काय सोडून द्यायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं. तो हिशोब जितका चोख, तितका अंदाजाचा चौकोन लहान. आणि चौकोन जितका लहान, तितकी बागायतदाराला तोड आज लावायची की उद्या, हे ठरवायला मदत.