मत्स्यबीजाचे रहस्य : अंड्यातील कॅल्शियमची लाट

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की पूर्व विदर्भातील तलावांवर ढिवर बांधवांची लगबग सुरू होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत आणि नागपूर परिसरातील जलाशयांत रोहू, कटला व मृगळ हे मासे वाढविले जातात. हे मासे साचलेल्या पाण्यात चांगले पोसतात. परंतु तेथे ते सहसा अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. साहजिकच, तलावात सोडण्यासाठी बीज कोठून आणावयाचे, हा मत्स्यव्यवसायातील मूलभूत प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे मिळाले. डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. हाच दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु हे इंजेक्शन नेमके काय साधते? पेशीच्या पडद्यात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांपैकी केवळ कॅल्शियमला वाट देणाऱ्या दारांना कॅल्शियम वाहिन्या, म्हणजेच चॅनेल, असे म्हणतात. मेंदूचा संदेश पियुषिका ग्रंथीला मिळाला, की तिच्या पेशींतील या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरते व प्रजननाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. तलावातील माशात ही साखळी अपुरी राहते. इंजेक्शन ती पूर्ण करते आणि अंडी पक्व होतात.

पुढील उलगडा समुद्री प्राण्यांनी केला. सी-अर्चिन या काटेरी प्राण्याचे अंडे जेमतेम एक दशांश मिलिमीटर व्यासाचे असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अंड्यातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण मात्र त्याच्या एक लाखांश इतके अल्प असते. शुक्राणूचा संयोग होताच पडद्यातील वाहिन्या क्षणभर उघडतात. पाठोपाठ अंड्यातील साठ्यांची दारे उघडून कॅल्शियमची लाट अर्ध्या मिनिटाच्या आत सर्वत्र पसरते. त्यामुळे अंड्याभोवती संरक्षक कवच उभे राहते, दुसऱ्या शुक्राणूस मज्जाव होतो आणि गर्भाच्या वाढीस आरंभ होतो.

तारामाशाच्या अंड्याने आणखी एक धडा दिला. त्याला पक्व करणारा पदार्थ जपानी शास्त्रज्ञ कानातानी यांनी १९६९ मध्ये ओळखला. अंडे पक्व होत असताना त्यातील कॅल्शियमचे साठे संदेशाला अधिक तत्परतेने प्रतिसाद देऊ लागतात. अपक्व अंड्यात ही तयारी नसते; म्हणून त्यात अनेक शुक्राणू शिरून ते वाया जाऊ शकते.

माशांतही असेच घडते काय? शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशपासून मिळविलेले, कॅल्शियमच्या स्पर्शाने उजळणारे प्रथिन येथे उपयोगी पडले. १९७७ मध्ये मेडाका या छोट्या माशाच्या अंड्यात ते टोचले असता, अंडे जागृत होताना कॅल्शियमची प्रकाशमान लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना दिसली.

या ज्ञानाचे मोल बीज केंद्रावर काम करणाऱ्यास चटकन पटेल. कार्प माशाचे अंडे पाण्यात पडताच जागृत होऊ लागते व शुक्राणूचे प्रवेशद्वार थोड्याच वेळात बंद होते. शुक्राणूंची हालचालही पाण्यात फार काळ टिकत नाही. म्हणून हाताने अंडी काढताना भांडे व हात कोरडे ठेवावेत, अंडी व नराचे वीर्य पिसाने हलकेच एकत्र करावे आणि मगच पाणी घालावे. मादी पूर्ण पक्व होण्यापूर्वी घाई करू नये. फलित अंडी पारदर्शक दिसतात. निकामी अंडी पांढरी पडतात. योग्य तापमानात १५ ते १८ तासांत जिरे बाहेर पडते.

या माशांचा प्रजननकाळ पावसाळ्यापुरताच असतो. तो हुकला, तर वर्षभराच्या उत्पन्नावर पाणी पडते. नागपूर येथे २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठामुळे मत्स्यशिक्षण विदर्भाच्या दारी आले आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी त्यातील प्राण्यांनी शिकविलेला धडा तलावाकाठच्या ढिवर कुटुंबापर्यंत पोचावा, यातच या विज्ञानाचे सार्थक आहे.