मनुष्यबळाचे त्रैराशिक

चार गवंडी एक भिंत चार दिवसांत बांधतात, तर आठ गवंडी ती दोन दिवसांत बांधतील, हे त्रैराशिक शाळेतच शिकविले जाते. संगणकाच्या आज्ञावलीला मात्र ते लागू पडत नाही. आय. बी. एम.च्या ‘ओएस/३६०’ या अवाढव्य प्रणालीची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात त्याचे मर्म उलगडले. नवागतांना शिकविण्यात जुन्या जाणत्यांचाच वेळ खर्ची पडतो. शिवाय प्रत्येकाने प्रत्येकाशी विचारविनिमय करावयाचा, तर ५ जणांत दुवे १०. १० जणांत मात्र ४५! म्हणूनच रखडलेल्या कामावर ऐनवेळी नेमलेली माणसे बहुधा विलंबच वाढवितात. अपुऱ्या मनुष्यबळावर खापर फोडण्यापूर्वी, मुळात मुदत तरी वास्तव होती काय, हे पाहणेच शहाणपणाचे.