नेम चुकतोय की नळी?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक! त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळी 5.6 मिलिमीटरची. अशा खेळात गोळ्या विखुरल्या, की दोष नेमबाजाचा की रायफलचा, हे आधी ठरवावं लागतं.

त्यासाठी रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात आणि त्याच अंतरावर दहा-दहा गोळ्या झाडतात. माणूस बाजूला झाला, की नळी खरं बोलते.

पहिला संशय काडतुसांवर घ्यावा. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं असली तरी प्रत्येक लॉटची जात वेगळी, आणि प्रत्येक नळीची आवडही वेगळी. म्हणूनच मोठे नेमबाज आपल्या रायफलवर लॉट तपासून मगच साठा घेतात.

लॉट बदलूनही विखुरणं थांबलं नाही, तर नळी दस्त्याला जोडणारे स्क्रू आणि साइट ढिले आहेत का ते बघतात. मग चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगत साचलेलं काजळीचं कडं. शेवटी नळीचं तोंड: गोळी बाहेर पडताना तिथली कड जरा जरी झिजलेली असली, तरी मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी तिरकी ढकलली जाते. साफसफाईचा गज तोंडाकडून घातला, तर हीच कड खराब होते. गज नेहमी चेंबरकडूनच घालावा, आणि साफ केल्यावरच्या पहिल्या काही गोळ्यांवरून नळीची पारख करू नये.