चाळिशीत पेन्सिल हातात धरताना

वसई-विरारमध्ये चित्रकला शिकायची तर बहुतेकांना आठवतात त्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षांसाठी मुलं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटतात. दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आईबाबाही खूश. पण मोठ्यांनी काय करायचं?

मी एका क्लासला गेले, तर तीन महिने नुसता घडा आणि केळी! मग रविवारी स्केचबुक घेऊन वसई किल्ल्यात जायला लागले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला हाच तो किल्ला. पडक्या चर्चची कमान काढून बघा, परस्पेक्टिव्ह आपोआप कळतं. पहिल्यांदा माझी कमान कलंडलेल्या मडक्यासारखी आली होती. ऊन सरकायच्या आत आधी सावल्यांचे आकार मारून घ्यायचे, दगड नंतर.

आणि वारली आपल्याच जिल्ह्यातली, ती वर्कशॉपमध्ये नक्की शिका. तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, खाली गेरू. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस. पीठ पातळ झालं की रेघ पसरते, हे मी तीन कागद वाया घालवून शिकले. लग्नात भिंतीवर काढायचा देवचौक मुळात सवाशिणी काढायच्या. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला रोजच्या जगण्याच्या चित्रांतून जगभर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सुरुवातीला महागडे रंग नकोत. २बी, ६बी पेन्सिल आणि खोडरबर पुरे. रविवारी किल्ल्यात कोण येतंय?