बकासुराला मारण्याआधी भीम जेवला

जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. जवळच्या पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलेली माणसं जंगलातलं भीमकुंडही पाहून येतात, कारण भीमाने बकासुराला त्याच परिसरात मारलं अशी लोकांची श्रद्धा आहे. एकचक्रेचा मान सांगणारी ठिकाणं देशात आणखीही आहेत; पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात तर एकचक्रा नावाचंच गाव आहे. पण बकासुराला आपला मानणाऱ्या मुलखातल्या मुलांनी ही गोष्ट एका खेळासाठी पुन्हा नीट वाचावी, असं मला फार वाटतं.

तो खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला रूप आलं. एक जण डंजन मास्टर होतो. तो प्रसंग सांगतो, राक्षसांच्या आणि गावकऱ्यांच्या भूमिका करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘मी आता हे करतो’ असं सांगतात. काय घडेल याची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा. पडदा नाही, जॉयस्टिक नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणं. खेळ मराठीत चालतो तसा अहिराणीतही चालतो, आणि गावकरी अहिराणी बोलू लागला की टेबलावर जी जान येते ती नियमपुस्तकातून येत नाही.

जळगाव-धुळ्याकडची मुलं या खेळाकडे बहुतेक मोबाइलवरच्या लढाईच्या खेळांतून येतात. त्यामुळे राक्षसाला हरवायचं कसं, याबद्दल काही समजुती सोबत घेऊनच येतात. त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

गैरसमज: राक्षस ताकदीने मरतो, म्हणून आधी ताकद वाढवा

याला उत्तर आदिपर्वातल्या बकवधाच्या कथेतच आहे. आपल्याला तिचा शेवट तेवढा लक्षात राहतो. भीमाने गाडाभर अन्न खाल्लं आणि बकासुराचं कंबरडं मोडलं. त्याच्या आधी आणि नंतर जे घडतं, ते खेळाडूने शिकण्यासारखं आहे.

पांडव वेष पालटून एका ब्राह्मणाच्या घरी राहत असतात. घरातून रडण्याचा आवाज येतो. कुंती आधी चौकशी करते. बकाची मागणी ठरलेली असते: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा एक माणूस. घरांच्या पाळ्या लागलेल्या असतात. त्या घरात बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि लहानगा मुलगा हातात गवताची काडी घेऊन सांगतो, हिने मी राक्षसाला मारतो. इतकं ऐकून झाल्यावर कुंती आपल्या मुलाला पाठवायचं ठरवते. युधिष्ठिर चिडतो, तेव्हा ती त्याला आपली कारणं पटवून देते. शस्त्र हलण्याआधी राक्षसाची भूक, त्याची वेळ, त्याची जागा आणि तिथवर बिनबोभाट पोचायची वाट, हे सगळं ठाऊक झालेलं असतं. भीम गाडं हाकत जातो, म्हणजे शत्रूच्या दाराशी त्यानेच मागवलेला माणूस म्हणून जातो.

मग तो बकाला हाका मारतो आणि त्याच्यासमोर त्याचंच अन्न खायला बसतो. बक पाठीत दोन्ही हातांनी गुद्दे घालतो, तरी भीम पाठ फिरवूनच जेवत राहतो. राक्षसाला संतापाने आंधळं करणारी चाल याहून चांगली दाखवता येणार नाही. जेवण झाल्यावर, हात धुऊन, तो लढायला उठतो.

पुढचा भाग तर बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो. बकाचे नातेवाईक बाहेर येतात. भीम त्यांना मारत नाही. माणसं मारणं सोडाल तर जगाल, अशी अट घालतो, ते कबूल करतात, आणि त्यानंतर त्या भागातले राक्षस शांत राहू लागतात. भीम प्रेत नगराच्या वेशीत टाकून गुपचूप परततो. कुंतीने आधीच गुप्ततेचं वचन घेतलेलं असल्याने ब्राह्मण लोकांना सांगतो की मंत्र जाणणाऱ्या कुण्या ब्राह्मणाने हे काम केलं. चौकशी, सोंग, डिवचणं, लढत, तह आणि शेवटी माग पुसणं. या सहा पायऱ्यांत ताकदीची पायरी एकच आहे.

गैरसमज: मारल्याशिवाय जिंकलं असं होत नाही

हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे, आणि खेळाचे जुने नियम त्याच्या थेट उलट आहेत. 1981च्या बेसिक नियमपुस्तकाचा हिशेब पाहा. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला 2,000 अनुभवगुण लागतात. एक ऑर्क, म्हणजे या खेळातला एक साधा राक्षस, मारल्याचे 10 मिळतात. खजिन्यातलं एक सोन्याचं नाणं सुखरूप बाहेर आणलं की 1 मिळतो. म्हणजे एकट्याने चढायचं तर 200 ऑर्क मारा, नाहीतर 2,000 नाण्यांची पेटी ऑर्कांना जाग न येऊ देता उचलून आणा. त्या काळचे खेळाडू भित्रे नव्हते. खेळ ज्याची किंमत देत होता, ते ते करत होते.

त्याच पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत. राक्षस समोर आला की तो कसा वागेल हे दोन फाशांवर ठरवायचं. 2 पडले तर लगेच हल्ला, 12 पडले तर मैत्री, आणि मधल्या आकड्यांवर संशय, गोंधळ, बोलणं. दुसरी गोष्ट मनोधैर्याची. प्रत्येक राक्षसाला 2 ते 12 मधला एक आकडा दिलेला असतो. टोळीतला पहिला गडी पडला किंवा निम्मी टोळी निकामी झाली की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली तर टोळी पळते किंवा शरण येते. मरेपर्यंत लढणारा शत्रू हा या नियमांत अपवाद आहे. अलीकडची मार्गदर्शक पुस्तकं नाण्यांचे गुण देत नाहीत, पण 2014च्या डंजन मास्टरच्या पुस्तकातही पळवून लावणं आणि पकडणं हे हरवण्यातच मोजलं आहे.

मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. फेब्रुवारी 1661मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाची मोठी फौज सह्याद्रीच्या अरुंद वाटेत अडकली. पुढची वाट बंद, मागची बंद, वरून मारा, पाण्याचे हाल. फौजेसोबत असलेल्या रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामान व खंडणी देऊन निघून गेला. शिवाजी महाराजांनी फौज कापून काढली नाही, आणि तो विजय अर्धवट होता असं आपण कधी म्हणत नाही.

गैरसमज: आडवाटेची युक्ती म्हणजे चीटिंग

‘सर, तो समोर येऊन लढतच नाही!’ ही तक्रार नव्या टेबलांवर हमखास ऐकू येते. तिच्यामागे एक गृहीत आहे की सरळ लढाई हाच खरा खेळ. या खेळाच्या जन्मकथेत उलटंच दिसतं. 1969मध्ये डेव्ह वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा युद्धखेळ मांडला. त्यात फौजा हलवण्याऐवजी खेळाडू आपापल्या भूमिकेत शिरून एकमेकांशी बोलणी आणि कारस्थानं करू लागले. आर्नेसन त्या टेबलावर होते. त्यातूनच त्यांचं ब्लॅकमूर हे खेळातलं कल्पित जग उभं राहिलं, आणि पुढे हा खेळ.

चीटिंग म्हणजे फासा खोटा सांगणं; आडवाटेने जाणं नव्हे. महाभारतातच पाहा. जरासंधाच्या नगरात कृष्ण, भीम आणि अर्जुन स्नातकांच्या वेषात शिरतात, त्याच्या सैन्याला हातही न लावता द्वंद्व मागतात, आणि प्रतिस्पर्धी निवडायचा मान त्यालाच देतात. तो भीमाला निवडतो. प्रचंड सैन्याची लढाई दोन माणसांच्या कुस्तीवर आणून ठेवली. भागवतात तर कृष्ण डहाळी फाडून भीमाला खूणही करतो.

न्याय एवढाच की जी मुभा खेळाडूंना, ती राक्षसांनाही. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या 127व्या अंकात, नोव्हेंबर 1987मध्ये, संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डंजन मास्टरच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं. कोबोल्ड हे खेळातल्या सर्वांत दुबळ्या राक्षसांपैकी. पण टकरचे कोबोल्ड अरुंद बोगद्यांतून फिरत, आग लावून वाट अडवत, भोकांतून बाण सोडत. अनुभवी, वरच्या पातळीची पात्रं त्यांच्यापुढे पळत सुटायची. तो लेख आजही सांगितला जातो. ज्याला लळिंगच्या किंवा सोनगीरच्या किल्ल्यावर डंजन उभं करायचं आहे, त्याने आधी तटाच्या, वाटेच्या आणि पाण्याच्या जागा पाहाव्यात आणि मगच राक्षसांचे आकडे लिहावेत.

गैरसमज: राक्षसाचा कच्चा दुवा पुस्तकात लिहिलेला असतो, तो पाठ केला की झालं

निम्मं खरं आहे. ट्रोल नावाच्या राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात. आग किंवा अ‍ॅसिड लागलं की भरणं थांबतं. ही कल्पना खेळात पोल अँडरसन यांच्या कादंबरीतून आली. रक्तबीजाची कथा ऐकलेल्या माणसाला हे कोडं ओळखीचं वाटेल: जखम करणं हेच चुकीचं, आधी रक्त जमिनीवर पडू देऊ नका. चैत्रात धुळे-जळगावहून सप्तशृंगगडाकडे पायी जाणाऱ्या लोकांना देवीने रेड्याच्या रूपातून अर्धवट बाहेर पडलेल्या महिषासुराला कसं गाठलं हे शिकवावं लागत नाही. रूप बदलणाऱ्या शत्रूवर वार करायची वेळ तीच.

पण पुस्तकं बदलतात, आणि कधी कधी कशावरही बेतलेली असतात. या खेळातला ‘राक्षस’ वाघाच्या तोंडाचा आहे. 1977च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो जागीच मरतो. रामायण-महाभारतात असं कुठेही नाही. हा उपाय 1974च्या ‘कोल्चॅक’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेतला आहे. 2014च्या आवृत्तीत तोच बाण नुसता जास्त इजा करतो, तोही जादूचा असेल आणि सोडणारा सज्जन असेल तरच. लोखंड गंजवणारा रस्ट मॉन्स्टर तर गायगॅक्स यांना स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांच्या पाकिटात सापडला. म्हणून पाठांतरापेक्षा हा प्राणी कशावर जगतो हे विचारणं जास्त उपयोगी. रस्ट मॉन्स्टरला लोखंडाचा वास येतो; मूठभर खिळे एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूने निघा. तलवार उपसलीत तर ती गेली.

नंदुरबारची मिरचीपूड डोळ्यांत उधळायची कल्पना आपल्याकडच्या प्रत्येक टेबलावर एकदा तरी निघणारच. श्वास घेणाऱ्या, डोळे असणाऱ्या शत्रूवर ती मान्य करायला हरकत नाही. सांगाड्याला डोळेही नाहीत आणि नाकही नाही. त्याला ठोसणारं शस्त्र दुप्पट लागतं, असं 2014चे नियम सांगतात. म्हणजे स्वयंपाकघरातून न्यायचंच असेल तर मुसळ न्या.

गैरसमज: वीस पडले की काहीही होतं

नाही. 2014च्या नियमांत वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले तर हल्ला नक्की लागतो, पण कौशल्याच्या कामात आपोआप यश मिळत नाही. राजाला त्याचं राज्य मागितलं आणि 20 पडले, तर तो राज्य देत नाही. शिवाय फासा केव्हा टाकायचा हे डंजन मास्टर ठरवतो. अशक्य गोष्टीला फासा नाही आणि सहज होणाऱ्या गोष्टीलाही नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे विज्ञानाचं नाव घेतलं की सगळं चालतं ही समजूत. पिठाचं पोतं फोडून मशाल टाकली की स्फोट, असं खेळाडू ठासून सांगतात. पीठ ढिगात पडलं असेल तर नुसतं जळेल. स्फोटाला पाच गोष्टी एकाच वेळी लागतात: जळणारी बारीक धूळ, ऑक्सिजन, ठिणगी, धुळीचं योग्य प्रमाणात हवेत पसरणं आणि बंदिस्त जागा. जळगावात डाळमिल पाहिलेल्याला धूळ म्हणजे काय हे सांगायला नको. उघड्या अंगणात राक्षसावर पीठ उधळलं तर तो पांढरा होईल, फार तर क्षणभर भडका उडेल. तळघरात, दार लावून, वरून चाळणीने पीठ सोडलं असेल, तर मात्र डंजन मास्टरने ते ऐकून घ्यावं आणि फासा द्यावा. आणि फासा चांगला पडला तर तो स्फोट त्या खोलीतल्या तुमच्या पात्रांनाही भाजणार आहे. म्हणून पोतं फोडण्याआधी दाराबाहेर कोण थांबणार आणि मशाल कुठून टाकणार, हे ठरवून मगच बोला.