यंदा गोलच बिस्किटं

नाताळ दहा-बारा दिवसांवर आला की आमच्या बेळगावच्या कॅम्पात घराघरांतून लोण्या-साखरेचा वास यायला लागतो. नेवऱ्या, कलकल, दोस, दोदोल, बात्क, ज्याच्या घरी जे जमेल ते. आमच्याकडे मात्र या सगळ्यांच्या आधी साखरेची बिस्किटं. मैदा, लोणी आणि पिठीसाखर एवढ्यावर उभी राहणारी साधी गोष्ट. नातवंडं तिला 'शुगर कुकीज' म्हणतात. बिस्किट म्हणजे मुळात 'दोनदा भाजलेलं' आणि कुकी हा डच भाषेतून आलेला शब्द, अर्थ छोटा केक. म्हणजे बघायला गेलं तर मुलांचाच शब्द बरोबर. पण पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या बाईला ते लगेच कबूल करणं जड जातं.

माझ्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. कुणाच्याच नव्हता. आई पीठ मळून, बिस्किटं कापून पत्र्याच्या ट्रेत मांडायची आणि आम्ही भावंडं ते ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचो. पहाटेचे पाव निघाले की लाकडाच्या भट्टीत पुष्कळ वेळ ऊब राहते, त्या उतरत्या आचेवर दुपारी घरोघरचे ट्रे लागायचे. बेकरीवाला किलोवर पैसे घ्यायचा. प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी. तरीही आई आम्हाला बजावून पाठवायची, "तिथंच बसा, हलू नका. आपलं लोणी आणि दुसऱ्याचा डालडा, अदलाबदल झाली तर वर्ष वाया!" मग आम्ही भट्टीच्या तोंडाशी तास तास बसायचो. पुढचा केसांचा झुपका करपेल इतक्या जवळ. साखर त्या काळी रेशनवर मिळायची, म्हणून आई दिवाळीनंतर चहात गूळ घालायची आणि साखर बरणीत साठवायची. बरणीवर फडकं बांधलेलं असायचं, आणि फडक्याची गाठ कशी होती ते तिला पाठ असायचं.

लग्नानंतर सासरी आले तेव्हा इथं ॲल्युमिनियमचा तो गोल, वर काचेची खिडकी असलेला विजेचा ओव्हन होता. आता मुलानं मोठा दिलाय. कृती तीच. अर्धा किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो दळलेली साखर, एक अंडं, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, थोडा व्हॅनिला. लोणी आणि साखर आधी फेसायची, पांढरी होईपर्यंत. इथं घाई करणाऱ्याची बिस्किटं दगड होतात, कारण हलकेपणा येतो तो या फेसण्यात शिरलेल्या हवेमुळे. मळलेलं पीठ अर्धा तास गार ठेवायचं. आमच्या बेळगावच्या डिसेंबरात त्याला फ्रिज लागत नाही, खिडकीत ठेवलं तरी चालतं. मग लाटून, कापून, एकशे सत्तर डिग्रीवर बारा मिनिटं. कडा बदामी झाल्या की बाहेर. ट्रे गार झाल्याशिवाय त्यावर दुसरी बिस्किटं मांडायची नाहीत, लोणी वितळतं आणि सगळी पसरून एकमेकांच्या गळ्यात पडतात.

हे झालं नेहमीचं. पण आमच्या घरी बिस्किटांचे दरवर्षी दोन गोळे मळले जातात, आणि मला लिहायचं आहे ते दुसऱ्या गोळ्याबद्दल.

आमच्या कंपाउंडच्या पलीकडे एक लिंगायत कुटुंब राहतं. त्यांची घरची भाषा कन्नड, आमची कोकणी, आणि कंपाउंडच्या भिंतीवरची भाषा मराठी. घरात सासू-सुना. सुनेला मी वहिनी म्हणते, त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली म्हणून त्या मला टीचर म्हणतात. सासूबाईंना सगळी गल्ली अव्वा म्हणते. दिवाळीला त्यांच्याकडून करजिकाई येते, मधूनच कधी शेंगा होळगी, आणि नाताळात आमच्याकडून ताट जातं. गोव्याकडच्या आमच्या लोकांत या ताटाला कोंसुआद म्हणतात. त्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणून माझ्या सासूबाईंच्या काळापासून त्यांच्यासाठी वेगळा गोळा: अंड्याऐवजी दोन-तीन चमचे दूध, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. ओव्हन एकच, म्हणून तो ट्रे आधी भाजायचा. तो निघून डब्यात भरला की मगच अंड्याची टोपली खाली काढायची. आणि खूण म्हणून ती बिस्किटं कायम गोल, वाटीनं कापलेली, वर काट्याच्या रेघा आणि एक वेलदोड्याचा दाणा. आमची वाटेल त्या आकाराची. सासूबाईंनी मला हा नियम का ते कधी समजावून सांगितलं नाही. फक्त करायला लावलं.

गेल्या वर्षी तेवीस डिसेंबरला मुलगा, सून आणि नातवंडं पुण्याहून आली. नात अकराची, नातू सातचा. नातीनं येताना आकार कापायचे साचे आणले होते: तारा, घंटा, झाड. माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले आणि हुकूम सोडू लागले. पहिला गोळा बिनअंड्याचा. नात म्हणाली, "आजी, अव्वांना पण तारेच करूया ना. त्यांना काय दरवर्षी गोल गोल!" मला ते गोड वाटलं. मी म्हटलं, कर.

माझी चूक इथं झाली. पुढं जे घडलं त्याला मुलं जबाबदार नाहीत.

तारे कापून ट्रेत मांडत होतो तोच लाईट गेली. ओव्हन बंद. वाट बघता बघता मुलं कंटाळली, तेव्हा मीच म्हटलं, तोवर दुसरा गोळा लाटा. म्हणजे जे कधी होऊ द्यायचं नाही तेच झालं. दोन्ही गोळे एका टेबलावर, एकच साचा, आणि सगळीकडे तारे. तासाभरानं लाईट आली. ट्रे लागले, निघाले, डबे भरले. संध्याकाळी सून आणि नात कोंसुआदीचं ताट वहिनींकडे देऊन आल्या.

रात्री जेवणानंतर मी आमच्या डब्यातला एक तारा चहाबरोबर खाल्ला. तोंडात घालताच भुगा झाला. अंड्याचं बिस्किट असं होत नाही. अंड्यातला पांढरा भाग आचेवर घट्ट बसतो, म्हणून कडा धारदार राहतात आणि तोडताना टक् आवाज येतो. बिनअंड्याचं जरा फिकट राहतं आणि रेतीसारखं विरघळतं. मी दुसरा घेतला, तो टक् तुटला. तिसरा पुन्हा भुगा. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या डब्यात त्यांचे तारे, तर त्यांच्या ताटात कुणाचे?

नातवाला हाक मारली. त्यानं लपवलं नाही, लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. "त्या ट्रेत जागा रिकामी होती ना आजी, म्हणून मी इकडचे तिकडे ठेवले. मग इकडे जागा झाली, म्हणून तिकडचे..."

मुलगा म्हणाला, "आई, सोड. कुणाला कळणार आहे? बाहेर केक खातात, त्यात काय असतं?" सून म्हणाली, "फोन करून सांगा, त्या बाजूला ठेवतील." दोघांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मी शाळेत किती मुलांना सांगितलंय, पेपर तपासताना मार्क जास्त पडले असतील तर येऊन सांगा. आली असतील दहा-बारा. आणि त्या प्रत्येकाचा चेहरा मला आठवतो, कारण खरं बोलायला येणारं मूल आधी दारात उभं राहतं, आत येत नाही.

मीही तशीच त्यांच्या दारात उभी राहिले. रात्रीचे साडेनऊ झाले होते. वहिनी म्हणाल्या, "टीचर, एवढ्या रात्री? आत या की." आत अव्वा पलंगावर बसलेल्या, हातात कपबशी. बशीत चहा आणि चहात अर्धा तारा. दात नाहीत म्हणून त्या बिस्किट बुडवून खातात.

मी सांगितलं. मुलांचं नाव घेतलं नाही, माझं लक्ष राहिलं नाही एवढंच म्हटलं. वहिनींचा चेहरा उतरला, पण त्या काही बोलल्या नाहीत, सासूकडे बघत राहिल्या. अव्वांना कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणते ती?" वहिनींनी कन्नडमध्ये सांगितलं. अव्वांनी बशी खाली ठेवली. अगदी हळू ठेवली, आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. मग उठून मोरीत गेल्या. चूळ भरल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं.

"त्यांनी किती खाल्ली?" मी विचारलं.

"हे तिसरं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही जा टीचर. मी बघते."

दरवर्षी पंचवीस तारखेला आम्ही सकाळची मिस्सा करून घरी येईपर्यंत वहिनी गोठा बघायला आलेल्या असतात. अव्वा सोबत काठी टेकत येतात आणि गोठ्यातल्या गाईला हात लावून नमस्कार करतात. गेल्या वर्षी कुणी आलं नाही. ताटही परत आलं नाही. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मुलगा एकदा बोललाच, "बघ, गप्प बसली असतीस तर..." मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. खरं सांगते, त्या चार दिवसांत मलाही वाटून गेलं की पाऊणशे वर्षांचा शेजार तीन बिस्किटांपायी गेला, आणि तोही माझ्या तोंडानं. ऐंशी वर्षं जपलेला नियम त्या माउलीच्या नकळत मोडला होता. न सांगता मोडलेला राहिला असता तर त्यांच्या मनाला त्रास झाला नसता. मी सांगितलं ते त्यांच्यासाठी की मला झोप यावी म्हणून? याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

मुलं तीस तारखेला पुण्याला परत निघाली. सामान गाडीत चढत होतं तेव्हा वहिनी कंपाउंडच्या भिंतीपाशी आल्या, हातात आमचं ताट. वर रुमाल. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. रुमाल काढला तर ताटात साखर होती, चांगली अर्धा किलो तरी असेल.

मला काही सुचेना. वहिनीच म्हणाल्या, "अव्वांनी स्वतः भरली. चार दिवस त्यांचा उपास होता, काल सोडला. म्हणाल्या, टीचरला सांग, पुढच्या वर्षी गोलच कर."

मागे नातू उभा होता. त्यानं विचारलं, "का? तारे आवडले नाहीत?" वहिनी हसल्या. "आवडले रे. म्हणून तर तीन खाल्ले."

ती साखर मी वेगळ्या डब्यात ठेवली होती. मुलं यंदा लवकर आलीत, म्हणून परवा शनिवारी पहिल्या गोळ्यासाठी तीच दळायला काढली. नवा ट्रे आणलाय, त्याच्या कडेला लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढलाय. अंडी गच्चीवरच्या खोलीत कुलपात आहेत आणि किल्ली नातवाच्या गळ्यात. तो आता आठचा झालाय आणि फार कडक आहे. मी साधं दुधाचं पातेलं हलवलं तरी विचारतो, "आजी, हे कुठल्या गोळ्याचं?"

हे लिहिलेलं कंपाउंडपाशी उभं राहून अव्वांना वाचून दाखवलं, वहिनींनी कन्नडमध्ये सांगितलं. अव्वांची एकच हरकत होती. 'ऐंशी वर्षं' हे चूक आहे, त्यांचं वय मी कमी लिहिलंय, त्या नव्वदीच्या आहेत.