हातानें केलेल्या अस्वलाचे सांधे



आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत दोन गोष्टींची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं : एक कापूस व दुसरें अस्वल. कापूस आमच्या शेतांत पिकतो; अस्वल टिपेश्वरच्या रानांत राहतें. या दोहोंचा मेळ घालून मुलासाठीं घरच्या घरीं एक सुरेख खेळणें करतां येतें. कापड बेतणें, शिवणें व भरणें हें शिवणकाम जाणणाऱ्यास सांगावयास नको. खरी परीक्षा असते ती सांध्यांची. मान, दोन हात व दोन पाय असे पांच सांधे नीट बसले तरच अस्वल बसतें, मान वळवितें व मुलाच्या हातीं टिकतें.

या खेळण्यास 'टेडी' हें नांव अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून पडलें. १९०२ सालीं मिसिसिपींतील शिकारींत त्यांनीं बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचें नाकारलें होतें. त्याच वर्षीं जर्मनींतील गींगेन गांवच्या श्टाइफ कारखान्यांत रिखार्ड श्टाइफ यांनीं हातपाय हलणारें अस्वल तयार केलें. त्याचे अवयव दोऱ्यानें बांधलेले होते. त्या पहिल्या अस्वलाचा एकही नमुना आज ज्ञात नाहीं. दोरा झिजतो, ढिला पडतो. म्हणून कारखान्यानें थोड्याच वर्षांत चकतीचा सांधा स्वीकारला. तीच रीत आजही प्रमाण मानली जाते.

चकतीच कां? सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या कळसूत्री बाहुलीचे सांधे मुद्दाम सैल ठेवतात, कारण तिला सूत्रधाराची दोरी हलविते. अस्वलास दोरी नाहीं. हात जेथें ठेवावा तेथेंच तो राहिला पाहिजे, आणि तें काम घर्षणानें होतें. दोन चकत्या मधल्या कापडास घट्ट दाबून धरतात, आणि तो दाब जितका अधिक तितका सांधा स्थिर.

आतां कृति पाहूं. जाड, टणक पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, दोन वायसर व एक दुपाती पिन एवढें साहित्य एका सांध्यास लागतें. चकती अवयवाच्या रुंदीहून थोडी लहान असावी. ती शिवणीस टेकली तर कापड तेथेंच झिजतें. भोंक कात्रीनें पाडूं नये. आरीनें धागे बाजूस सारावे, म्हणजे तें पुढें फाटत नाहीं. वायसर व चकती ओंवलेली पिन अवयवाच्या आंतून बाहेर काढावी, मग तो अवयव भरावा. भोंक अंगाकडील बाजूसच आहे ना, हें आधीं पाहावें. नाहींतर दोन्ही हात डावेच व्हावयाचे! डोकें मात्र आधीं भरावें, तळाशीं चकती ठेवावी व भोंवतालचें कापड मजबूत दोऱ्यानें आवळून घ्यावें.

यानंतर पिन रिकाम्या धडांत घालून आंतून दुसरी चकती व वायसर चढवावा आणि पकडीनें पिनेचीं दोन्ही पातीं बाहेरच्या बाजूंस गुंडाळून वायसरवर दाबावीं. सांधा प्रथम जरा जड वाटेल इतका घट्ट ठेवावा, कारण कापूस कालांतरानें बसतो व सांधा आपोआप सैल होतो. धड सर्वांत शेवटीं भरावें.

कोणता सांधा निवडावा, याचें उत्तर अस्वलाच्या आकारावर व तें घेणाऱ्या मुलाच्या वयावर अवलंबून आहे. वीतभर अस्वलास बळकट दोरा पुरतो. मोठ्या व जड अस्वलास बोल्ट व न सुटणारें नट बरें, कारण तें पान्यानें पुन्हां आवळतां येतें. परंतु तीन वर्षांखालील मूल खेळणें तोंडांत घालतें, ओढतें, चावतें. कापड फाटून लोखंडी पिनेचें टोंक बाहेर आलें, तर तें खेळणें राहत नाहीं, शस्त्र होतें. त्याच्यासाठीं एकदां दाबला कीं न सुटणारा प्लास्टिकचा सांधा घ्यावा, अथवा हातपाय सरळ शिवून टाकावे; डोळेही मण्यांचे न लावतां दोऱ्यानेंच भरावे. शिवाय लोखंड गंजतें व पुठ्ठा फुगतो, म्हणून तसें अस्वल धुतां येत नाहीं. लहान मुलाचें खेळणें तर वारंवार धुवावें लागतें.

खेळण्याची शोभा वरच्या कापडांत दिसते, पण त्याचें आयुष्य आंतल्या, न दिसणाऱ्या सांध्यांत असतें. मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं प्रत्येक हातपाय जोरानें ओढून पाहा. आपल्या ओढीनें जो निघाला नाहीं, तोच त्याच्या हातीं द्यावा.